प्रकाशविद्युत् : शब्दाचा नेमका अर्थ आणि तो घरी पडताळण्याची रीत

‘प्रकाशविद्युत्’ हा शब्द नीट उकलला, तर अर्धे काम तिथेच होते. मराठीत सामासिक शब्दाचा क्रम अर्थ ठरवतो. विद्युत्प्रकाश म्हणजे विजेपासून मिळालेला उजेड, आणि प्रकाशविद्युत् म्हणजे उजेडामुळे घडलेला विद्युत् परिणाम. पहिल्यात वीज कारण आहे आणि प्रकाश कार्य. दुसऱ्यात हे नाते उलटे होते. तरीही बारावीची मुले उत्तरपत्रिकेत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी लिहितात. गच्चीवर सोलर बसवलेली मोठी माणसेसुद्धा ‘ऊन जितके कडक तितकी वीज जास्त’ एवढ्यावर हा विषय मिटवतात. या समजुतीत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे प्रकाशाच्या रंगात आहे, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. सोसायटीतल्या आठवी ते बारावीच्या मुलांना बरोबर घेऊन मी हे प्रयोग अनेकदा केले आहेत, आणि त्या अनुभवावरून पायऱ्यांचा क्रम येथे ठरवला आहे.

आधी शब्दाची तीन घरे

प्रकाशविद्युत् या एका नावाखाली तीन वेगळ्या घटना येतात. पहिलीत प्रकाश पडल्यावर धातूच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. पाठ्यपुस्तकात ‘प्रकाशविद्युत् परिणाम’ म्हटले की बहुधा हीच घटना अभिप्रेत असते. दुसरीत इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर पडत नाहीत, पण आतल्या आत मोकळे होतात आणि पदार्थाचा रोध घटतो. विलोबी स्मिथ यांना १८७३ मध्ये सेलेनियममध्ये हा गुण दिसला, आणि रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी आपोआप लावणारा एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा घटक) याच गुणावर चालतो. तिसरीत दोन थरांच्या सांध्यावर प्रकाश पडला की दोन टोकांमध्ये व्होल्टेज तयार होते. एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांवर हा परिणाम पाहिला होता, आणि आजचा सोलर पॅनेल त्याचाच वंशज आहे.

तिन्ही घटनांना बांधणारा नियम मात्र पहिल्या घटनेच्या अभ्यासातून हाती आला. हाइनरिश हर्ट्झ १८८७ मध्ये विद्युत्चुंबकीय लहरींवर प्रयोग करत होते. ग्राहक तारेच्या फटीतली बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ती काळ्या पेटीत झाकली, तेव्हा ठिणगी आखूड झाली. मध्ये काच ठेवली तरी तसेच घडे, पण क्वार्ट्झ ठेवले तर ठिणगी पूर्ववत होई. काच अतिनील प्रकाश अडवते आणि क्वार्ट्झ अडवत नाही, तेव्हा ठिणगीला मदत अतिनील किरणांचीच होत होती. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्स यांनी ऋण भारित जस्ताची पट्टी अतिनील प्रकाशात आपला भार गमावते, हे दाखवले. मग १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांच्या मोजमापांतून खरे कोडे पुढे आले: प्रकाश प्रखर केला की बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, पण एकेका इलेक्ट्रॉनाची कमाल ऊर्जा तेवढीच राहते.

प्रकाश ही नुसती लाट असती, तर मोठ्या लाटेने इलेक्ट्रॉनाला अधिक जोरात फेकायला हवे होते. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये याचे उत्तर दिले: प्रकाशाची ऊर्जा पुडक्यापुडक्यांनी येते, एका पुडक्याची ऊर्जा वारंवारतेवर म्हणजे रंगावर ठरते, आणि एक पुडके एकाच इलेक्ट्रॉनाला मिळते. या पुडक्याला आज आपण फोटॉन म्हणतो. रेल्वे स्टेशनवरचे जुने वजनाचे यंत्र आठवावे. त्यात ठरलेले नाणे टाकले तरच काटा हले, आणि त्याच किमतीची चिल्लर मूठभर ओतली तरी यंत्र ढिम्म राही. जस्तातून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक अगदी छोटे एकक) ऊर्जा लागते आणि लाल फोटॉनाकडे जेमतेम दोन असतात, त्यामुळे लाल प्रकाशाचा कितीही मोठा झोत जस्तावर टाकला तरी एकही इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी अनेक वर्षे खपून १९१६ मध्ये हा नियम मोजमापाने पक्का केला, आणि आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक दिले गेले ते प्रामुख्याने याच नियमासाठी.

रंग ‘होणार की नाही’ हे ठरवतो आणि प्रखरता ‘किती’ हे ठरवते. खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये आपण हेच वेगवेगळ्या बाजूंनी तपासणार आहोत. त्यासाठी एक सोपे गणित जवळ ठेवावे: १२४० या आकड्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले, की त्या रंगाच्या एका फोटॉनाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ६३० नॅनोमीटरच्या लाल रंगाला १.९७, ५२५ च्या हिरव्याला २.३६ आणि ४७० च्या निळ्याला २.६४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात.

पहिली पायरी : सामानाची जमवाजमव

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळे सामान एका फेरीत मिळते. डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, छोटा ब्रेडबोर्ड, जम्पर वायर, १ किलोओहमचे तीन-चार रेझिस्टर, १० किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर (दुकानात नुसते ‘पोट’ म्हटले तरी कळते), एक एलडीआर, आणि लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे प्रत्येकी दोन-तीन ५ मिलिमीटरचे एलईडी घ्यावेत. एलईडी मागताना ‘वॉटर क्लिअर’ असे सांगावे, म्हणजे बंद असताना पारदर्शक दिसणारे मिळतात. रंगीत टोपीचा एलईडी बाहेरून येणारा प्रकाश आपल्या टोपीतच गाळतो आणि आपली मोजमापे फसवतो. पांढरा एलईडी या कामाचा नाही, कारण तो मुळात निळा एलईडी असून त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो.

याखेरीज ६ व्होल्टच्या आसपासचे लहान सोलर पॅनेल घ्यावे. ते निळसर किंवा काळ्या स्फटिकी सिलिकॉनचे असावे. कॅल्क्युलेटरवर असते तसली तपकिरी पट्टी घेऊ नये. कारण शेवटच्या पायरीत कळेल.

आता काय करू नये तेही सांगतो. जस्ताची पट्टी आणि अतिनील दिवा आणून मूळ प्रयोग घरी करण्याचा मोह होतो, पण त्यासाठी लागणारा आखूड तरंगलांबीचा अतिनील प्रकाश डोळ्यांना आणि त्वचेला खरोखर इजा करतो. तो प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या बंदिस्त नळीवरच करावा. भिंतीतल्या विजेला आणि गच्चीवरच्या मोठ्या पॅनेलच्या जोडण्यांनाही हात लावू नये. ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा दाब शेकडो व्होल्टचा असू शकतो आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. एलडीआर फोडू नये, कारण त्यात कॅडमियमचे संयुग असते आणि कॅडमियम विषारी आहे.

दुसरी पायरी : एलडीआर आणि प्रखरता

ही पायरी लवकर उरकते. मीटर ओहमवर ठेवून एलडीआरच्या दोन्ही पायांना जोडावा आणि खोली अंधारी करून एका छोट्या दिव्यापासून १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर रोध मोजावा. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथ्या भागावर येतो. रोध मात्र चौपट न होता साधारण अडीच ते साडेतीन पट वाढतो, कारण या पदार्थाचा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसतो. आकडा स्थिर व्हायला दर वेळी काही सेकंद थांबावे लागते. एलडीआर संथ आहे, आणि तो आधी उजेडात होता की अंधारात, याचाही त्याच्यावर परिणाम होतो. संध्याकाळी दिवा लावायला एवढे पुरते, पण नियम तपासायला पुरत नाही.

तिसरी पायरी : एलईडी उलटा वापरणे

संपूर्ण मालिकेत मला ही पायरी सर्वांत प्रिय आहे, म्हणून येथे घाई करू नये. एलईडीला वीज दिली की तो प्रकाश देतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच एलईडीवर प्रकाश टाकला की तो व्होल्टेज देतो, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. मीटर २ व्होल्टच्या मर्यादेत ठेवून लाल एलईडीच्या लांब पायाला लाल वायर आणि आखूड पायाला काळी वायर लावावी, आणि एलईडीचे टोक थेट उन्हाकडे धरावे. मीटरवर एक व्होल्टच्या वर आकडा चढतो. बोटाने टोक झाकले की तो कोसळतो.

आता काळ्या कागदाची एलईडीच्या जाडीची नळी करावी. एका टोकाला ग्राहक एलईडी बसवून त्याला मीटर जोडावा. दुसऱ्या टोकाला प्रेषक एलईडी बसवावा आणि तो १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ९ व्होल्टच्या बॅटरीवर पेटवावा. प्रेषक बंद असताना मीटर शून्याजवळ आहे ना, हे आधी पाहावे. नसेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आहे आणि नळीच्या फटी चिकटपट्टीने बुजवायला हव्यात.

मग एकेक जोडी तपासावी. ग्राहक लाल आणि प्रेषक हिरवा ठेवला की चांगला आकडा येतो. दोघांची अदलाबदल करून हिरव्यावर लाल प्रकाश टाकला की मीटर शून्याजवळच राहतो. ग्राहक हिरवा आणि प्रेषक निळा ठेवला की पुन्हा आकडा येतो. उलट केले की पुन्हा शून्य. निळ्या ग्राहकावर लाल प्रकाश टाकून पाहावा, एकाऐवजी दोन-तीन लाल एलईडी एकदम रोखून पाहावेत, अगदी चिकटवून पाहावेत. मीटर हलत नाही. त्यानंतर लाल ग्राहकासमोर एक हिरवा एलईडी मंद करून धरावा, म्हणजे १ किलोओहमच्या तीन-चार रेझिस्टरांची माळ करून त्यातून पेटवावा, तरीही मीटर उत्तर देतो. मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य उमटते ते इथे, कारण तोवर त्यांना मनोमन वाटत असते की पुरेसा लाल प्रकाश दिला तर काहीतरी होईलच.

कारण आपण वर पाहिलेच आहे. एलईडीच्या अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जेची पायरी चढावी लागते, आणि एलईडी ज्या रंगाचा प्रकाश देतो त्या रंगाच्या फोटॉनाइतकीच साधारण ती पायरी उंच असते. हिरव्या एलईडीची पायरी लाल फोटॉनाला चढता येत नाही, आणि दोन लाल फोटॉन हातात हात घालूनही ती चढत नाहीत.

दोन ठिकाणी गोंधळ होऊ शकतो. एकाच रंगाचे दोन एलईडी समोरासमोर ठेवले तर प्रतिसाद क्षीण येतो, कारण एलईडी स्वतः देतो त्यापेक्षा किंचित आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक चांगला शोषतो. शिवाय काही लाल एलईडींवर निळ्या प्रकाशाचा आकडा हिरव्यापेक्षा कमी येतो, तेव्हा नियम मोडला असे समजू नये. वरचा थर निळा प्रकाश आधीच खाऊन टाकतो आणि तो सांध्यापर्यंत पोहोचत नाही. एक दुरुस्ती मीटरसाठी: स्वस्त मीटरचा अंतर्गत रोध १ मेगाओहम आणि बऱ्या मीटरचा १० मेगाओहम असतो, आणि एलईडीचा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की स्वस्त मीटर त्याला खाली ओढतो. आपले आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी जुळले नाहीत तरी ‘येतो’ आणि ‘येत नाही’ यांतला फरक दोघांकडे सारखाच दिसला पाहिजे.

चौथी पायरी : पॅनेलवर दोन वेगळे प्रश्न

पॅनेलची दोन टोके मीटरला जोडून आधी उन्हात आणि मग सावलीत व्होल्टेज मोजावे. नंतर मीटरची लाल वायर करंटच्या खाचेत घालून मर्यादा मोठ्या अँपिअरवर ठेवावी आणि पॅनेलच्या टोकांमध्ये थेट करंट मोजावा. लहान पॅनेलला यामुळे काही होत नाही, पण बॅटरीवर असे कधीही करू नये, आणि काम झाल्यावर वायर आठवणीने परत व्होल्टच्या खाचेत घालावी. सावलीत करंट दहाव्या भागावर आला तरी व्होल्टेज दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच उतरते. करंट जणू फोटॉन मोजतो, म्हणून तो प्रकाशाबरोबर सरळ प्रमाणात चालतो. व्होल्टेजला वरची मर्यादा सिलिकॉनच्या पायरीने घातलेली असते, म्हणून ते फारसे हलत नाही. ही पायरी १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे, आणि पॅनेलमधल्या एकेका घटकाला (सेलला) उन्हात त्यातून अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर मिळते.

‘कडक ऊन’ या शब्दांतली गफलत येथेच उघड होते. पॅनेल तापले की व्होल्टेज घटते. दर घटकामागे दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्ट. मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर तासभर ठेवलेले पॅनेल आणि नुकतेच सावलीतून बाहेर आणलेले पॅनेल यांची व्होल्टेज लागोपाठ मोजून पाहावीत. कोनाचे मात्र वेगळे आहे, तो करंटवर दिसतो. पुण्यात मेच्या मध्यावर माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा आडवे ठेवलेले पॅनेल त्याला काटकोनात सामोरे असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य माध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, आणि आडव्या पॅनेलला थेट उन्हाचा जवळपास तीन-चतुर्थांश वाटाच मिळतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे ४२ अंश उचलले की करंट वाढलेला दिसतो.

पाचवी पायरी : प्लांकच्या स्थिरांकापर्यंत

आता एलईडी सरळ वापरून पायरीची उंचीच मोजायची. पोटच्या बाहेरच्या दोन पायांना बॅटरी जोडावी. मधल्या पायापासून १ किलोओहमचा रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. मीटर एलईडीच्या दोन पायांवर लावावा. खोली पूर्ण अंधारी करून डोळे पाच मिनिटे रुळू द्यावेत, एलईडीकडे काळ्या नळीतून पाहावे, आणि पोट शून्यापासून हळूहळू फिरवत पहिली ठिणगीभर चमक दिसली की थांबावे. वाचन दुसऱ्याने करावे आणि ते मोठ्याने सांगू नये. आकडा कानावर पडला की पुढच्या वेळी डोळा त्याच आकड्यावर थांबतो. प्रत्येक रंगाची पाच वाचने घेऊन सरासरी काढावी.

समजा, ६३० नॅनोमीटरच्या लालला १.६५ व्होल्ट आणि ४७० च्या निळ्याला २.३५ व्होल्ट आले. व्होल्टेजला तरंगलांबीने गुणले तर लालचे १०४० आणि निळ्याचे ११०५ येतात, आणि हवेत होते १२४०. दोन्ही कमी येण्याचे कारण म्हणजे खोलीच्या उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉनांकडे आधीच थोडी जादा ऊर्जा असते आणि ते पायरीखालच्या व्होल्टेजवरही वर पोहोचतात. ही त्रुटी दोन्ही रंगांत थोडीफार सारखी असते, म्हणून वजाबाकी करावी. १००० ला तरंगलांबीने भागले की लालचे १.५८७ आणि निळ्याचे २.१२८ येतात, त्यांतला फरक ०.५४१. व्होल्टेजचा फरक ०.७०. दुसऱ्याला पहिल्याने भागून हजाराने गुणले की १२९४ मिळतात, म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा साडेचार टक्क्यांच्या आसपास जास्त. १२४० या आकड्यात प्लांकचा स्थिरांक, म्हणजे फोटॉनाची ऊर्जा आणि त्याची वारंवारता यांचे ठरलेले गुणोत्तर, दडलेला आहे. तो जूल-सेकंदात लिहिताना ६.६३ हा अंक येतो (त्यापुढे दहाचा उणे चौतिसावा घात). आपल्या मोजमापातून त्या जागी ६.९ येतील. तपकीर गल्लीतून पिशवीत मावेल एवढे सामान आणून निसर्गातला एक मूलभूत आकडा इतक्या जवळ गाठता येतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. आपले आकडे याहून दूर गेले, तर बहुधा एलईडीची तरंगलांबी दुकानात सांगितल्यापेक्षा वेगळी असते किंवा खोली पुरेशी अंधारी नसते.

सहावी पायरी : ऐकण्याचा प्रयोग

शेवटी पॅनेलची दोन टोके ऑक्स वायरच्या साहाय्याने अँप्लिफायर असलेल्या छोट्या स्पीकरला जोडावीत आणि आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करावी. टीव्हीचा रिमोट पॅनेलवर रोखून बटण दाबले की स्पीकरमधून कर्रकर्र ऐकू येते. रिमोटचा अवरक्त प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे १.३२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि सिलिकॉनची १.१२ ची पायरी तो सहज चढतो. कॅल्क्युलेटरच्या तपकिरी पट्टीतल्या अस्फटिकी सिलिकॉनची पायरी १.७ च्या आसपास असते, म्हणून ती रिमोटपुढे गप्प बसते.

मग तेच पॅनेल चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली धरावे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा उजळते आणि दोनदा मंदावते, आणि फोटॉनांच्या संख्येतला हा चढउतार सेकंदाला १०० वेळा घडणारा संथ गुणगुणाट होऊन ऐकू येतो. डोळ्याला ती ट्यूब अखंड जळताना दिसते. चांगल्या प्रतीच्या एलईडी दिव्याखाली हा आवाज फार क्षीण होतो. पॅनेल खिडकीबाहेर उन्हात धरले की आवाज थांबतो. उन्हात पॅनेलवर सर्वांत जास्त फोटॉन पडत असतात, पण त्यांचा ओघ एकसारखा असतो, आणि स्पीकरला नुसता बदल कळतो. उन्हातल्या पॅनेलसमोर बोटे पसरून हात झपझप हलवला, तर प्रत्येक बोटाच्या सावलीचा ठोका वेगळा ऐकू येतो.